विसराची सुई

"आमच्या ह्यांना ताप म्हणून येत नाही," असं मी चार महिने गल्लीभर कौतुकाने सांगत फिरले. ते आठवलं की आता स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर एक वेळ चाललं असतं, पण मला कळायला हवं होतं. मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या काचा बघण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. हल्ली काचा यंत्र बघतं. एखादी पेशी त्याला ओळखता आली नाही तरच ती काच माझ्याकडे येते. तरी पांढऱ्या पेशी मला शेजारणींपेक्षा जास्त ओळखीच्या आहेत.

माझे यजमान दिगंबर पांचाळ सतारी करतात. लाकडाचं काम करणारे मिरजेत अजून बरेच आहेत, जवारी काढणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीने इतका बारीक घासायचा की तार तिला धड टेकूही नये आणि धड सुटूही नये. त्या अर्धवट स्पर्शातून सतारीचा झणकार येतो. ती जवारी. एक घासा जास्त झाला की सगळं मुसळ केरात. हे काम ह्यांना हमीदचाचांनी शिकवलं, तेही बारा वर्षं नुसता भुसा झाडायला लावून.

सत्तेचाळिसाव्या वर्षी ह्यांची बोटं सुजायला लागली. संधिवात. सकाळी मूठ उघडायलाच दीड तास लागायचा. कानस हातातून पडायची. तीन वर्षं ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावली आणि तीन वर्षं हे त्या वेळी भिंतीकडे बघत उभे राहिले. औषधं सगळी झाली. एक लागू पडायचं, सहा महिन्यांनी थकायचं, मग दुसरं.

मग डॉ. कित्तूर मॅडमनी त्या नव्या इंजेक्शनचं सांगितलं. त्याचं खरं नाव वाचताना जीभ अडकते. आम्ही सगळे त्याला विसराची सुई म्हणतो.

"आपल्या अंगात दोन फौजा असतात," मॅडम म्हणाल्या. "एक शिकून तयार होते. गोवर येऊन गेला की गोवर ओळखते. दुसरी उपजत असते, बाळासोबत जन्मलेली. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, कांचनताईंना माहीतच आहेत. ही फौज समोरच्याचं नाव-गाव विचारत नाही. काहीतरी बिघडलंय एवढं दिसलं की आरडाओरडा करते. त्या ओरड्याने रक्तवाहिन्या सैल होतात, सांधा सुजतो, ताप चढतो."

ताप जंतू आणत नाहीत, ताप आपणच आणतो, हे मी नव्या मुलींना लॅबमध्ये कितीदा सांगितलं असेल. पुढचं मात्र मलाही नवं होतं. ही उपजत फौज काही लक्षात ठेवत नाही, असं आम्ही शिकलो होतो. ते चूक निघालं. तिची आठवण हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत असते, जिथे ह्या पेशी जन्म घेतात. तिथल्या मातृपेशींमध्ये जनुकांची काही पानं उघडी असतात, काही मिटलेली. एखाद्या मोठ्या लढाईनंतर ओरडण्याची पानं उघडीच राहून गेली, तर पुढे जन्मणारी प्रत्येक पेशी रागावलेलीच जन्मते. शत्रू कधीचाच गेलेला असतो, आणि ह्या पेशी सांध्यात बसून निखारे फुंकत राहतात.

"म्हणजे जन्मतःच भांडकुदळ," हे म्हणाले. "आमच्या घराण्यात आहेतच की तसले."

विसराची सुई मगजात जाऊन ती पानं मिटवायची. एकदाच. पण गोंगाटाबरोबर हाकही मिटते, हे मॅडमनी लपवलं नाही. पुढे कसलीही लागण झाली तरी ताप येणार नाही, सूज येणार नाही, दुखणार नाही. म्हणून मनगटावर एक कडं घालायचं. ते कातडीखालच्या पाण्यात थेट जंतूंचे अंश शोधतं आणि सापडले की बोंब मारतं. शिवाय घरातल्या एका माणसाला पहारेकरी म्हणून सही करावी लागते. कड्याचे निरोप त्याच्या फोनवर येतात, आणि रोगी शुद्धीत नसला तर निर्णयही तोच घेतो. मी सही केली. दुसरं कोण करणार? घरात आम्ही दोघंच.

दिवाळीनंतर सुई दिली. दहाव्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते, तर हे मागे येऊन उभे राहिले.

"कांचन, बघ की."

शर्टाची पाचही बटणं लागलेली होती. वरचं एक चुकून दुसऱ्या काज्यात गेलं होतं. मी ते नीट करायला हात पुढे केला, तर हे मागे सरकले. "राहू दे गं. चुकू दे माझं मला."

मी रडले. हे हसले. त्या आठवड्यात ह्यांनी घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं उगाच उघडून परत लावली. पौषात पहिली जवारी काढली. तार छेडली आणि मान न वळवता मला विचारलं, "कसं वाटतंय?" मला सतारीतलं ओ की ठो कळत नाही, पण तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "झकास." इतकं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

भांडण झालं ते कड्यावरून. त्यात एक बारीकसा पंप होता आणि त्याचा गुंगुं आवाज यायचा. मला कधी ऐकू आला नाही. ह्यांना मात्र जवारी काढताना तोच ऐकू यायचा.

"तार काय बोलायलीय तेच कळंना मला. हे कडं मधेच गुणगुणायलंय."

कडं काढलं की माझ्या फोनवर शंख व्हायचा. मी लॅबमधून फोन करायची, "अहो, घाला आधी ते." हे घालायचे, पाच मिनिटांनी पुन्हा काढायचे. महिनाभर हा तमाशा चालला. शेवटी मीच कंटाळले. पहारेकऱ्याने फोनवर अंगठा टेकवला तर कड्याला सुट्टी देता येते. मी रोज सकाळी दोन तासांची सुट्टी द्यायला लागले. मग जेवणापर्यंत. नंतर काम चालू आहे तोवर.

तेवढ्यावर भागलं असतं, पण चैत्रात भोपळे आले.

सतारीचा खालचा गोल भाग म्हणजे वाळवलेला भोपळा. भीमाकाठचे शेतकरी ते सतारीसाठीच लावतात. ट्रक भरून भोपळे येतात आणि दोन दिवसांत निवड होते. आजारपणात ह्यांच्यासाठी भोपळे दुसरेच कुणी निवडायचे आणि हे घरी बसून त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. या खेपेला हे स्वतः गेले. हमीदचाचांचा दंडक होता, भोपळा आधी नाकाने निवडायचा, मग कानाने, हात शेवटी. म्हणजे देठाकडून चकती कापायची, आत तोंड घालून दीर्घ श्वास घ्यायचा, कच्चा की पिकलेला ते वासावरून ठरवायचं, मग टिचकी मारून ऐकायचं. हे काम जाणणारा माणूस तोंडाला फडकं बांधून भोपळा निवडणं म्हणजे नाक दाबून अत्तर घेण्यासारखं.

मॅडमनी आम्हाला दोन पानी यादी दिली होती. कबुतरांपासून लांब राहा, ओल्या मातीत हात घालू नका, जुनं धान्य चाळू नका, बांधकामाच्या धुळीत जाऊ नका. मी ती स्वयंपाकघरात चिकटवली होती. भोपळा त्यात नव्हता. यादी करणाऱ्याने भोपळा भाजीवालीकडेच पाहिलेला, त्याचा काय दोष? आणि यादी वाचणाऱ्या मला भोपळा सतारीचा दिसत होता, त्यातली बुरशी दिसली नाही. त्या वर्षी वाटेत ट्रक भिजला होता. हे मला नंतर कळलं.

दोन दिवसांत ह्यांनी सत्तर-ऐंशी भोपळ्यांत तोंड घातलं असेल. घरी आले ते भुरकट नाक घेऊन, खुशीत.

पुढचे चार महिने काहीच झालं नाही, आणि हीच खरी गोष्ट आहे. अधूनमधून कोरडा खोकला यायचा. भुसा गेला असेल म्हणून मी गरम पाणी द्यायची. रोज सकाळी कपाळाला हात लावायची, कपाळ गार. हे तोंड भरून हसायचे, म्हणायचे, "मला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय मी." जेवण थोडं कमी झालं होतं, पट्टा दोन भोकं आत गेला होता. मला वाटलं, कामाच्या धुंदीत असतील. तरी आषाढात मी ह्यांना लॅबमध्ये बसवून रक्त घेतलं. काच रंगवून स्वतः बघितली. न्यूट्रोफिल संख्येला बरोबर, आकाराला बरोबर, संथ. सूज दाखवणाऱ्या चाचण्या, सीआरपी आणि ईएसआर, त्याही नीट. मी रिपोर्टखाली सही केली आणि आम्ही येताना बासुंदी घेऊन आलो.

माझ्या डोक्यात तेव्हा का आलं नाही, देव जाणे. आमच्या लॅबमध्ये जे मोजतात त्यातलं निम्मं तरी शत्रूला मोजत नाही, शरीराच्या ओरड्याला मोजतं. आणि ओरडायचं तर आम्ही हौसेने बंद करून घेतलं होतं. कड्याचं चिन्ह फोनवर लाल नव्हतं, म्हणून मी निर्धास्त. ते हिरवंही नव्हतं, राखाडी होतं. सलग बारा तास हातात असेल तरच त्याची मोजणी पुरी व्हायची, आणि रात्रीची झोप धरून ते कधी दहाच्या वर राहिलंच नाही. रिपोर्ट आला नाही म्हणजे नॉर्मल नव्हे, हे मी सव्वीस वर्षं लोकांना बजावत आले.

श्रावणात एका सकाळी हे खोकले आणि हातरुमाल बघत बसले. रुमालावर रक्त होतं.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात मोसंबीएवढं भोक दिसलं, आणि आत बुरशीचा गोळा. डावीकडे तीन लहान. मॅडमनी कड्याच्या नोंदी पडद्यावर उघडल्या. मग म्हणाल्या, "कड्याला इतक्या सुट्ट्या कुणी दिल्या?"

"मी," म्हटलं.

त्यांनी औषधाचा कागद लिहायला घेतला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ह्यांना दवाखान्यात ठेवून बुरशीचं औषध सुरू झालं. पण औषध बुरशीला नुसतं थोपवतं, गिळून संपवायचं काम न्यूट्रोफिलचंच, आणि ते तर विसरून बसलेले. मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. एक, नुसतं औषध देत राहायचं. शंभरातले पंधरा असे निभावतात. दुसरी, जागवणारी सुई. मिटलेली पानं उघडायची, फौज उठवायची. तिने शंभरातले साठ वाचतात. पण एकदा उठली की ती कुणाचं ऐकत नाही. संधिवात परत येतो आणि पहिल्यापेक्षा जोरात. हातांची आशा सोडायची.

हे सगळं ऐकताना ह्यांनी हात पांघरुणाखाली घेतले होते.

मॅडम गेल्यावर हे म्हणाले, "जागवायची सुई नको."

"अहो, साठ आणि पंधरा. आकडे तरी बघा."

"बघितले की. तीन वर्षं तू माझी बटणं लावलीस. तुला वाटतं मला त्याची लाज वाटायची. लाज नाही गं. त्या वेळी मी इथं नव्हतोच. कोण तरी दुसराच उभा असायचा. मला परत तो व्हायचं नाही. पंधरात असलो तर असलो. कळलं?"

"कळलं," म्हटलं.

"नुसतं कळलं म्हणू नको. करशील न्हवं?"

मी मान हलवली. ह्यांनी ती होकाराची धरली. उद्या सकाळी मॅडमकडे तसं लिहून देऊ, असं आमचं ठरलं.

त्या दुपारीच ह्यांचा श्वास बिघडला. संध्याकाळ व्हायच्या आत घशात नळी गेली आणि हे झोपेच्या औषधाखाली गेले. इचलकरंजीहून ह्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद धावत आला. मॅडम फॉर्म घेऊन उभ्या होत्या. पहारेकरी मी. श्रीपादने मला बाजूला घेतलं.

"वहिनी, दादा काही बोललेला का? त्याला काय पायजे ते?"

तो दादाचं ऐकणारा माणूस आहे. मी खरं सांगितलं असतं तर त्याने तिथेच हात जोडले असते आणि म्हणाला असता, मग तसंच करू या वहिनी, त्याच्या मनासारखं. मग माझ्याच्याने सही झाली नसती.

"नाही," मी म्हटलं. "काहीच बोलले नाहीत."

आणि जागवणाऱ्या सुईच्या फॉर्मवर सही केली.

चौथ्या दिवशी ताप आला. एकशे तीन. नर्स धावपळ करत होती आणि मी ह्यांच्या भाजत्या कपाळावर हात ठेवून वेड्यासारखी हसत होते. दहा महिन्यांनी ते अंग काहीतरी बोलत होतं. मी काच मागून घेतली. न्यूट्रोफिल टरारून फुगलेले, दाणेदार, पोटात पोकळ्या पडलेल्या. काही तर फुटून आपल्याच गाभ्याचे धागे बाहेर फेकत होते. त्या जाळ्यात शत्रू अडकवून ते स्वतः मरतात. माझ्या आयुष्यात इतकी सुंदर काच मी पाहिली नव्हती.

नवव्या दिवशी फुप्फुसातला गोळा आकसलेला दिसला. त्याच दिवशी ह्यांच्या उजव्या हाताची पेरं लाल झाली. मी पेरांवर बर्फ धरला. बर्फाने काय होणार होतं? ज्या पेशी तिकडे ह्यांचा जीव वाचवत होत्या, त्याच इकडे हात खात होत्या. एकीला थांब म्हणावं तर दुसरीही थांबायची. मी बर्फ धरून बसून राहिले. पंधराव्या दिवशी नळी निघाली. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी आधी हात वर घेतले आणि बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

मार्गशीर्षापर्यंत बोटं वळून तळहाताला चिकटली. मी पुन्हा बटणं लावायला लागले. आता हे भिंतीकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. ते जास्त अवघड जातं.

एके दिवशी दुपारी मी भात भरवत होते. घास गिळून हे म्हणाले, "श्रीपाद भेटून गेला. त्याला मी सांगितलं, मी तुला काय बोललेलो ते."

मी चमचा ताटात ठेवला.

"तो रडला. म्हणाला, वहिनी तर नाही म्हणाल्या."

"हो. खोटं बोलले मी त्याच्याशी."

"परत तशी वेळ आली तर?"

खोटं बोलायची इथे पुन्हा संधी होती. "परत तसंच करीन," मी म्हटलं. "तुम्ही हवे आहात मला. हातांसकट नाही तर हातांशिवाय."

"मला वाटलंच," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. "भात वाढ अजून थोडा."

चैत्रात स्कॅन स्वच्छ आला. मोसंबीच्या जागी नुसता पांढरा वण. मॅडम म्हणाल्या की विसराची सुई पुन्हा देता येते, नियमात बसतं, बोटंही थोडीफार सुटतील, पण त्या स्वतः सल्ला देणार नाहीत. वणाच्या आत एखादा बुरशीचा कण जिवंत राहिला असेल तर तो कुणालाच दिसणार नाही, आणि या खेपेला जागवायलाही वेळ मिळणार नाही. हे मन लावून ऐकत होते. त्यांचं कधीच ठरलं होतं.

"द्या," हे म्हणाले.

"अहो," मी म्हटलं. सव्वीस वर्षांचं ज्ञान घेऊन मी तिथे बसले होते आणि माझ्याकडे ह्यांना थांबवेल असं एकही वाक्य नव्हतं.

मॅडमनी फॉर्म उघडला. "पहारेकरी म्हणून कांचनताईंचंच नाव ठेवू ना?"

"नको," हे म्हणाले. "श्रीपाद पांचाळ घाला. धाकटा भाऊ. तो मी सांगितलंय तेवढंच करील."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत राहिले.

"सही बोटांनी जमणार नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "अंगठा चालेल."

ह्यांनी काचेच्या पट्टीवर अंगठा ठेवायचा प्रयत्न केला. तो सरळ होईना, कडेवरच टेकायचा. यंत्राने दोनदा नाकारला. ह्यांच्या कपाळावर घाम आला.

"कांचन, धर की जरा."

मी उठले. रक्त काढताना हजारो माणसांची बोटं मी हातात धरली आहेत, कुठे दाबलं की कमी दुखतं ते मला नीट माहीत आहे. मी पेराच्या खाली आधार दिला, अंगठा हलकेच उघडला आणि काचेवर टेकवून तीन आकडे मोजेपर्यंत धरून ठेवला. यंत्राने घेतला. पडद्यावर माझ्या नावाच्या जागी श्रीपादचं नाव आलं.

"दुखलं का?" मी विचारलं.

"नाही," हे म्हणाले.